रुकॅमचे सहा गुण आणि गुळवेलीचा काढा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका टेबलात बिनधास्त लिहिलं होतं : ‘रुकॅम स्कोअर ६, संबंध संभाव्य.’ गाइडनी एकच प्रश्न विचारला, “हे सहा आले कुठून?” मला सांगता येईना. बेरीज पाठ होती, हिशोब नव्हता. कॅन्सरच्या रुग्णांमधल्या औषधजन्य यकृत-इजेवर, म्हणजे डीआयएलआयवर, काम करायचं ठरवत असाल तर हा प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारणारच. म्हणून आज रुकॅमची जरा उलटतपासणी करू.

यकृताला झालेली इजा ‘या औषधानेच’ झाली, हे सिद्ध करणारी एकही रक्तचाचणी नाही. म्हणून गुण देऊन अंदाज बांधायचा. रूसेल उक्लाफ या फ्रेंच औषध कंपनीच्या नावावरून ओळखली जाणारी ही पद्धत दानां आणि बेनिशू यांनी १९९३ मध्ये मांडली; २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. ३ ते ५ गुण म्हणजे ‘शक्य’, ६ ते ८ म्हणजे ‘संभाव्य’, ९ किंवा जास्त म्हणजे ‘अतिसंभाव्य’.

आधी तिचं श्रेय तिला देऊ. रुकॅम तुम्हाला प्रश्न विचारायला भाग पाडते. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई तपासले का? सोनोग्राफी झाली का? रक्तदाब घसरला होता का? आपल्याकडे हिपॅटायटिस ई तपासायचा राहून गेला, तर बाकी सगळी चर्चा फुकट. नुसत्या ‘मला वाटतं’पेक्षा ही शिस्त केव्हाही बरी.

पण हीच पट्टी कॅन्सरच्या वॉर्डात लावली की काय होतं, ते एका काल्पनिक रुग्णावर बघू. वय ५८. फुफ्फुसाचा कॅन्सर, यकृतात छोट्या गाठी. पेम्ब्रोलिझुमॅब सुरू होऊन ६३ दिवस झाले आणि एएलटी वरच्या मर्यादेच्या बारापट. ४० दिवसांपासून घरी गुळवेलीचा काढा. दोन्ही एकाच दिवशी बंद केलं, स्टेरॉइड सुरू केलं. तीन आठवड्यांत एएलटी निम्म्याहून खाली.

आता पेम्ब्रोलिझुमॅबचे गुण मांडा. ५ ते ९० दिवसांत सुरुवात : +२. वय ५५ च्या पुढे : +१. थांबवल्यावर ३० दिवसांत निम्मी घट : +२. सोबत यकृताला इजा करू शकणारं दुसरं काही, तेही जुळणाऱ्या वेळेत : –२. विषाणू वगैरे नेहमीची कारणं वगळली, पण यकृतातल्या गाठी वगळता येत नाहीत : +१. माहितीपत्रकात यकृत-इजेचा इशारा आहे : +२. एकूण ६.

मग हेच गुळवेलीसाठी करा. सगळे गुण तेच, फक्त शेवटचा वेगळा. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधल्या अशा सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली (आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता). म्हणजे प्रसिद्ध झालंय, पण काढ्याच्या बाटलीवर इशारा नाही : +१. एकूण ५.

बघा, गंमत नाही ही. एक ‘संभाव्य’, दुसरा फक्त ‘शक्य’, आणि फरक कशामुळे? छापील कागदामुळे. ज्या औषधाची कसून चाचणी होते त्याच्या पत्रकात इशारा येतो, म्हणून त्याला गुण जास्त. ज्याची झालीच नाही, ते थोडक्यात सुटतं. इथे रुग्णाच्या यकृताबद्दल आपल्याला काहीच नवीन कळलेलं नाही.

दुसरा घोटाळा त्या ‘थांबवल्यावर घट’ या ओळीत आहे. घट औषध थांबल्यामुळे झाली, काढा थांबल्यामुळे, की स्टेरॉइडमुळे? शिवाय पेम्ब्रोलिझुमॅबचं अर्धायुष्य सुमारे २२ दिवस. ते ‘थांबवलं’ तरी तीन आठवड्यांनी निम्मं अंगातच असतं. ही ओळ प्रामाणिकपणे शून्य धरली तर गुण ४ आणि ३. दोघेही ‘शक्य’, निकाल बदलला! रुकॅममध्ये सावकाश निचरा होणाऱ्या औषधांसाठी इजेच्या सुरुवातीच्या वेळेत सूट आहे, हे खरं. पण तिचा सांगाडा गोळ्या-कॅप्सूलच्या काळातला आहे. रोगप्रतिकारशक्तीच जागी करणाऱ्या औषधांचं घड्याळ वेगळं चालतं.

२०२२ मध्ये आलेल्या रिकॅमने वयाचे आणि सोबतच्या औषधांचे गुण काढून टाकले. चांगलं पाऊल, पण स्टेरॉइडचा गुंता त्यानेही सुटत नाही.

एवढी चिरफाड कशासाठी? कारण या आकड्यावर एखाद्याचं चालू असलेलं, लागू पडत असलेलं औषध कायमचं बंद होऊ शकतं. आणि उलट, खरं औषध निर्दोष ठरलं तर पुढचा डोस जिवावर बेतू शकतो. दोन्ही चुका महाग आहेत.

म्हणून माझं मत : रुकॅम टाकून देऊ नका, पण नुसती बेरीज छापू नका. प्रत्येक ओळीचे गुण द्या. स्टेरॉइड कुठल्या दिवशी सुरू झालं ते लिहा. सोबतच्या प्रत्येक संशयिताचा वेगळा स्कोअर काढा. आणि फाइलमध्ये ‘इतर औषधे : नाही’ दिसलं तर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे काढ्याला कोणी औषध म्हणत नाही. “घरी काढा-बिढा, चूर्ण काही घेता का?” असंच विचारावं लागतं.

माझ्या त्या टेबलातले सहा गुण नंतर चार झाले. टेबल दिसायला कमजोर झालं, पण आता त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते मला सांगता येतं.