रमीतील जोकर : एका सर्वसंचारी पानाचा अर्थविचार

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शिव-पार्वतींच्या अक्षक्रीडेचे शिल्प आहे. वर दैवी दांपत्य डावात रंगलेले असून खाली गण नंदीची खोडी काढीत आहेत. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे तीस किलोमीटरवरील या लेण्यांत हा विषय एकाहून अधिक ठिकाणी कोरलेला आढळतो. तत्कालीन शिल्पकारांना त्याचे किती आकर्षण होते, हे त्यावरून दिसते. परंतु या खेळाचा एक विशेष असा की, फासा एकदा पडला म्हणजे त्याच्या अर्थाविषयी वाद उरत नाही. पडलेले दान शिवाला जितके असते तितकेच पार्वतीला असते. भांडण होईल ते फासा कसा टाकला यावरून; तो काय बोलतो यावरून नव्हे. पत्त्यांच्या खेळात, विशेषतः रमीत, नेमकी हीच गोष्ट पालटते. हाती आलेले पान काय आहे हे ठरविणे हाच तेथे खेळाचा गाभा होऊन बसतो, आणि या ठरविण्याचा सर्वांत मोठा भार ज्या पानावर पडतो ते पान म्हणजे जोकर.

जोकराची सर्वसाधारण ख्याती 'सर्वांत बलवान पान' अशी आहे. ही समजूत तपासून घेण्यासारखी आहे. बलवान पान पाहावयाचे तर 'तीनशे चार' या खेळातील गुलाम पाहावा. तेथे गुलामाचे ३० गुण, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३ आणि राणीचे २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४, आणि या बेरजेचेच नाव खेळाला मिळालेले. राजाच्या दसपट गुण गुलामाला असावेत ही व्यवस्था मोठी गमतीची खरी, पण ती स्थिर आहे. तीनशे चारचा गुलाम आरंभापासून अखेरपर्यंत गुलामच राहतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने, दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा अंकपाने असतात. त्यांतील निम्म्या रंगांत अंकांचा चढता क्रम आणि निम्म्या रंगांत उतरता क्रम मानतात. म्हणजे एका रंगातील दहाचे पान श्रेष्ठ तर दुसऱ्या रंगातील तेच कनिष्ठ. येथे मूल्य सापेक्ष आहे. तरी ते डाव सुरू होण्यापूर्वीच ठरलेले आहे. जोकराची जात या दोहोंहून वेगळी. त्याला स्वतःचे बळ मुळीच नाही. हाती सुटा राहिला तर त्याचा गुण शून्य. तो शेजाऱ्यांवर जगतो.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता, जोकर हा गुलामाच्याच घरचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेत 'यूकर' नामक खेळासाठी हे जादा पान छापले जाऊ लागले. त्या खेळात हुकमाचा गुलाम हा थोरला 'बोअर' व त्याच वर्णाचा दुसरा गुलाम हा धाकटा 'बोअर'. 'बोअर' हा जर्मन भाषेतील शेतकरी या अर्थाच्या 'बाउअर' शब्दाचा अपभ्रंश होय. या दोन्ही गुलामांच्या डोक्यावर बसणारा तिसरा म्हणून जोकर आला. तेथे तो खरोखरच बलवान होता. रमीत येताना त्याने सत्ता टाकली आणि बहुरूप्याचा वेष घेतला.

रमीचे नियम वाचकांस परिचित असतील. तथापि पुढील विवेचनापुरते ते सांगणे अवश्य आहे. दोन जोड एकत्र पिसून प्रत्येकास तेरा पाने वाटतात. एक पान उघडे काढले जाते, आणि त्या अंकाची सर्व पाने त्या डावापुरती जोकर होतात. छापील जोकर असतात ते वेगळेच. तेरा पाने क्रमांत व संचांत बसवावयाची. त्यांत किमान दोन क्रम हवेत, आणि त्यांपैकी एक जोकराच्या साहाय्यावाचून जुळलेला, शुद्ध, असला पाहिजे. खेळणारे याला 'प्युअर' किंवा 'पहिली लाइफ' म्हणतात. हा शुद्ध क्रम नसेल तर जुळलेली इतर पानेही जुळलेली धरीत नाहीत, आणि सर्व पानांचे गुण अंगावर येतात. मात्र ८० च्या पुढे ते मोजीत नाहीत.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे सोस्यूरच्या बुद्धिबळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९१६ मध्ये, त्याच्या निधनानंतर तीन वर्षांनी, शिष्यांनी संपादून प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानग्रंथात भाषेची तुलना बुद्धिबळाशी केलेली आहे. पटावरचा घोडा हरवला तर त्याच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू ठेवावी, आकार अगदी निराळा असला तरी चालेल. घोड्याचे मूल्य तिला दिले की ती घोडाच. हा दृष्टान्त पुढे इतका रूढ झाला की त्याची उणीव फारशी कोणी पाहिली नाही. सोस्यूरने स्वतः एक उणीव मान्य केलेली आहे : बुद्धिबळपटू हेतुपूर्वक चाल करतो, भाषा तसे करीत नाही. परंतु दुसरी उणीव याहून मोठी दिसते. घोड्याच्या जागी बुचाचा तुकडा ठेवणे ही खेळाबाहेरची तडजोड आहे. ती दोघांनी संगनमताने करावयाची. तिने पटावरील स्थितीत तिळमात्र फरक पडत नाही. रमीत मात्र एकाने दुसऱ्याच्या जागी बसणे हीच चाल आहे. कोणाच्या जागी बसावयाचे हे खेळणारा एकटा ठरवितो, मनातल्या मनात ठरवितो, आणि दर फेरीला बदलू शकतो. भाषेत बोलणारा शब्द निवडतो आणि ऐकणारा त्याचा अन्वय लावतो, त्या व्यापाराशी याचे नाते पटापेक्षा अधिक जवळचे आहे.

हे एका डावावरून स्पष्ट होईल. उघडलेले पान चौकट सत्ती आहे असे मानू. अर्थात सर्व सत्त्या जोकर झाल्या. खेळणाऱ्याच्या हाती पुढील तेरा पाने आहेत : किलवर छक्की, सत्ती व अठ्ठी, इस्पिक दश्शी, गुलाम व राजा, बदाम, चौकट व इस्पिक यांच्या पंज्या, बदाम राणी व चौकट राणी, बदाम सत्ती, आणि चौकट दुर्री. नवखा खेळाडू दोन सत्त्या पाहून हरखतो आणि दोन्ही जोकर म्हणून खर्च करतो : बदाम सत्ती इस्पिक राणीच्या जागी घालून दश्शी ते राजा असा क्रम, आणि किलवर सत्ती तिसरी राणी म्हणून घालून राण्यांचा संच. हात भरलेला दिसतो. पण शुद्ध क्रम नाही. समोरच्याने त्या क्षणी डाव मिटविला तर किलवर छक्की-अठ्ठीचे १४, इस्पिकचे ३०, पंज्यांचे १५, राण्यांचे २० आणि दुर्रीचे २ मिळून ८१, म्हणजे नियमाप्रमाणे पूर्ण ८० गुण अंगावर येतात. जाणता खेळाडू किलवर सत्ती तिच्या स्वतःच्या घरी, छक्की आणि अठ्ठी यांच्यामध्ये, बसवितो. क्रम शुद्ध झाला. इस्पिकचा दुसरा क्रम झाला. पंज्यांचा संच ग्राह्य ठरला. सुट्या उरल्या दोन राण्या आणि एक दुर्री, गुण २२. एकही पान उचलले नाही, एकही टाकले नाही. तेरा पाने तीच, फक्त विग्रह वेगळा. आणि ८० चे २२ झाले.

या ठिकाणी पाणिनीचे स्मरण अपरिहार्य आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात स्थानिवद्भावाचा जो नियम आहे त्याचे तात्पर्य असे की, एखाद्याच्या स्थानी आलेला आदेश हा मूळ स्थानीसारखाच मानावा. अपवाद एवढाच की, जे कार्य वर्णावर अवलंबून आहे तेथे तसे मानू नये. रमीच्या नियमकर्त्यांनी व्याकरण वाचलेले असण्याचा संभव नाही, पण व्यवस्था हुबेहूब हीच आहे. राणीच्या जागी बसलेल्या सत्तीला राणीचे सर्व अधिकार मिळतात : ती क्रम जोडते, संच पुरा करते. मात्र जेथे पानाच्या अंगावरील छापील रूपच विचारात घ्यावयाचे, म्हणजे शुद्ध क्रमात, तेथे ही उसनी ओळख चालत नाही. तेथे सत्ती ही सत्तीच. हे साम्य मर्यादेपलीकडे ताणणे मात्र योग्य नव्हे. व्याकरणाच्या प्रक्रियेत स्थानी एकदा गेला की गेला. रमीत खरी इस्पिक राणी पुढच्या फेरीत येऊ शकते, आणि ती आली की सत्ती पुन्हा मोकळी होऊन दुसऱ्या घरी जाते.

मराठी बोलणाऱ्यांनी या द्विविध अस्तित्वाची नोंद आपल्या भाषेत फार सूक्ष्मपणे केलेली आहे, आणि तिच्याकडे लक्ष वेधणे हा या लेखाचा एक हेतू होय. दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी ही अंकपानांची नावे सर्व स्त्रीलिंगी आहेत. एक्का तेवढा पुल्लिंगी, आणि तो राजा व गुलाम यांच्या पंक्तीला बसतो. जोकर हा आगंतुक शब्दही पुल्लिंगी म्हणूनच रुळला. परिणामी वरील डावात एकच पान उचलताना एक खेळाडू 'सत्ती आली' म्हणेल आणि दुसरा 'जोकर आला' म्हणेल. कागद तोच, क्रियापदाचे लिंग मात्र बोलणाऱ्याच्या मनातील विग्रहाप्रमाणे बदलते. चतुर प्रतिस्पर्ध्याने कान उघडे ठेवले तर केवळ आकारान्त-ईकारान्त रूपावरून त्याला समोरच्या हाताचा अंदाज यावा. जुने खेळाडू पान उचलताना तोंड मिटून का बसतात, याचे एक कारण व्याकरणात आहे असे म्हणण्यास हरकत नाही!

जोकर कोठे घालावा याविषयी रसिकांत मतभेद आढळतो. संचात घातलेला जोकर दिसावयास शोभिवंत, पण बहुधा वाया गेलेला. दोन राण्या हाती असल्यास उरलेल्या दोन रंगांच्या मिळून चार राण्या जोडात असतात, त्यांपैकी कोणतीही चालते. गुलाम आणि राणी ही एका रंगाची पाने लागून असल्यास दोन दश्श्या व दोन राजे अशी पुन्हा चारच पाने उपयोगी. परंतु गुलाम व राजा हाती असून मधली राणी नसेल तर त्या रंगाच्या अवघ्या दोन राण्यांपैकीच एक मिळाली पाहिजे. म्हणून जोकराची खरी जागा खिंडीत, जेथे दुसऱ्या कोणाचा निभाव लागणे कठीण आहे तेथे. वाक्यातही असेच घडते. 'जरा ते हे दे' या घरगुती वाक्यातील 'हे' ज्या नेमक्या जागी शब्द आठवत नाही तेथेच येते. सहज आठवणाऱ्या शब्दाच्या जागी कोणी 'हे' वापरीत नाही. 'लावणे' हे क्रियापद पुष्कळदा सर्वसंचारी म्हणून दाखविले जाते : दिवा लावणे, रोप लावणे, पैज लावणे, नाद लावणे, आणि रमीत पाने लावणे. पण या सर्वांत जोडण्याचा, चिकटविण्याचा काही अंश शिल्लक राहतो. 'लावणे' हे फार तर तीनशे चारमधील गुलाम. खरा जोकर 'हे'.

दैव आणि कौशल्य यांचा प्रश्नही या वाचनाशी निगडित आहे. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या १९६८ च्या निर्णयसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरविला. पडलेली पाने स्मरणात ठेवणे आणि कोणते राखावे, कोणते टाकावे हे जाणणे यांत कौशल्य आहे असे कारण देऊन तीन पत्त्यांच्या खेळापासून त्याला वेगळे काढले. प्रकरण हैदराबादच्या जुगार-प्रतिबंधक कायद्याखालचे होते. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्याला त्यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून ऑनलाइन खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली, तेव्हा कौशल्य आणि दैव हा भेद विचारात घेतला नाही. कर्ज काढून खेळणाऱ्यांची अवस्था पाहता त्या धोरणाविषयी तक्रार करण्याचे कारण दिसत नाही. तथापि न्यायालयाच्या विवेचनात एक गोष्ट राहिली असे वाटते. स्मरण आणि राखणे-टाकणे यांच्या जोडीला, हाती असलेलेच पुन्हा वाचणे हे तिसरे कौशल्य आहे, आणि वरच्या डावातील ५८ गुणांचा फरक केवळ त्याचा आहे.

छापील जोकराविषयी शेवटी थोडे सांगावयास हवे. अंकाच्या जोकराला परत जावयास घर असते. छापील जोकराला ते नाही. त्याच्यावर रंग नाही, अंक नाही. शुद्ध क्रमात तो कधीही बसू शकत नाही. तो निव्वळ आदेश आहे, स्वतः कोणाचाही स्थानी नाही. मग उघडावयाचे पान म्हणून नेमका छापील जोकरच निघाला तर काय करावयाचे? त्याच्या अंकाची इतर पाने जोकर करावीत तर त्याला अंकच नाही. अशा वेळी रूढ संकेत असा की, त्या डावापुरते सर्व एक्के जोकर मानावयाचे. नियमाला अर्थ देणारे काही उरले नाही म्हणून बाहेरून एक संकेत आणून बसविला, आणि तोही कोणावर, तर अंकपानांत एकट्याच पुल्लिंगी असलेल्या एक्क्यावर. त्या डावात 'आला' या क्रियापदावरून काहीही ओळखता येत नाही.