‘अ‍ॅडव्हेंचर’मधील गुप्त दालन : स्मरणरंजन आणि कर्तृत्वाचा प्रश्न

जुन्या व्हिडिओ गेमविषयीचे लेखन बहुतांशी स्मरणरंजनाच्या अंगाने जाते. जाडेभरडे ठिपके, कर्कश ध्वनी, हाती न लागणारा शेवट यांच्या आठवणी निघतात व त्यांच्या जोडीला काही नवलकथा सांगितल्या जातात. ‘अटारी २६००’ या यंत्रासाठी वॉरेन रॉबिनेट यांनी रचलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ (१९८०) या खेळातील गुप्त दालन ही अशीच एक बहुश्रुत कथा होय. मात्र तिच्याकडे केवळ गंमत म्हणून पाहिले की तिच्यामागील तक्रार दृष्टीआड होते.

प्रथम खेळाविषयी. त्याच्या कॅसेटमध्ये ४०९६ बाइट एवढीच जागा होती. यंत्राची कार्यस्मृती तर अवघी १२८ बाइट. खेळाडू म्हणजे एक चौकोन आणि ड्रॅगन म्हणजे बदकासारख्या तीन आकृत्या. असे असूनही एकमेकींना जोडलेल्या खोल्यांचे एक सलग विश्व येथे उभे राहते. पडद्याबाहेर असतानाही वटवाघूळ वस्तू पळवीत असते. म्हणजेच खेळाडू पाहत नसतानाही हे जग चालू राहते. रॉबिनेट यांच्या प्रतिभेची खरी खूण येथे आहे, आणि स्मरणरंजनपर लेखनात तिचाच उल्लेख क्वचित होतो.

अटारी कंपनी रचनाकारांची नावे प्रसिद्ध करीत नसे. खेळाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, परंतु त्या विक्रीतील वाटा रचनाकाराला नव्हता. रॉबिनेट यांनी काळ्या किल्ल्याच्या भूलभुलैयात पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक ठिपका ठेवला. तो योग्य ठिकाणी नेल्यास भिंत ओलांडता येते आणि पलीकडे त्यांचे नाव झळकते. ही गोष्ट कोणासही न सांगता त्यांनी नोकरी सोडली. पुढे एका किशोरवयीन खेळाडूच्या पत्रातून कंपनीला तिचा पत्ता लागला. नाव काढून टाकण्याऐवजी कंपनीने अशा गुपितांना ‘ईस्टर एग’ म्हणून विक्रीचे आकर्षण बनविले. निषेधाची ही विल्हेवाट निषेधाइतकीच लक्षणीय आहे. याच सुमारास, १९७९ मध्ये, अटारीतून बाहेर पडलेल्या रचनाकारांनी ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ स्थापून आपली नावे उघडपणे छापली.

मराठी वाचकाला येथे अभंगातील नाममुद्रा आठवणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य वरवरचे आहे. नाममुद्रा श्रोत्यांसमोर उच्चारली जाते. रॉबिनेट यांची मुद्रा मालकापासून लपविलेली आहे.

अर्नेस्ट क्लाइन यांच्या ‘रेडी प्लेअर वन’ (२०११) या कादंबरीने व २०१८ च्या तिच्यावरील चित्रपटाने हे दालन नव्या पिढीपर्यंत नेले. तेथे गुपित शोधणाऱ्याला एका बलाढ्य कंपनीचा वारसा लाभतो. नाव नाकारलेल्या कर्मचाऱ्याची युक्ती मालकीहक्काचे बक्षीस व्हावी, हा विपर्यास कादंबरीला जाणवलेला दिसत नाही; आदरांजली आहे, आकलन नाही.

आपल्याकडील आठवणींनाही ही बाजू आहे. १९९० च्या दशकात भारतीय घरांत आलेले व्हिडिओ गेम बव्हंशी जपानी यंत्रांच्या नकला होत्या. एका कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचे सांगितले जाई. प्रत्यक्षात तेच ते खेळ पुन्हा पुन्हा येत. कित्येकदा त्यांच्या आरंभपटलावरून मूळ कंपनीचे नावही खोडलेले असे.