चोचीवरचा पिवळा

चित्रकार आणि पक्षीसंवर्धक पीटर स्कॉट म्हटलं की पहाटेच्या आभाळातून उतरणाऱ्या पाणपक्ष्यांची तैलचित्रं आठवतात. ती देखणी आहेतच. पण स्कॉट यांच्या नजरेची खरी ताकद मला दिसते ती चोचींच्या साध्या रेखाटनांत. रशियाच्या आर्क्टिक भागातून हिवाळ्यात इंग्लंडला उतरणाऱ्या बेविक हंसाची चोच काळी-पिवळी असते. १९६४ च्या सुमारास स्कॉट यांच्या ध्यानात आलं, की ही नक्षी प्रत्येक हंसाची निराळी आहे. मग ते एकेकाचा चेहरा समोरून आणि बाजूने टिपू लागले. पिवळा कुठवर चढलाय, काळ्याची टोकं त्यात कशी घुसलीत, एवढंच पाहायचं. प्रत्येकाला नावही दिलं. पक्षी हातात न धरता त्याची ओळख पटू लागली; गेल्या साली आलेलं जोडपं यंदाही परतलं, हे खिडकीत बसून सांगता येऊ लागलं. ब्रशाच्या चार फटकाऱ्यांत शास्त्र असं बसवायला चित्रकाराचाच हात हवा!

ती खिडकी सेव्हर्न नदीकाठच्या स्लिमब्रिजची. तिथेही पिवळ्यानेच कौल दिला होता. डिसेंबर १९४५ मध्ये तिथल्या कलहंसांच्या थव्यात डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला एक दुर्मीळ पाहुणा सापडला, आणि पाणपक्ष्यांचं केंद्र इथेच काढायचं हे स्कॉट यांनी ठरवलं. पुढच्याच वर्षी ते उभं राहिलं. तारुण्यात याच पक्ष्यांवर बंदूक रोखलेला हा माणूस. दबा धरून बसण्याची शिकाऱ्याची चिकाटी मात्र त्यांनी टाकली नाही. ती आडोशामागून पक्षी पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या हाती दिली. मला यातलं औदार्य फार मोठं वाटतं.

आणि नेने. हवाई बेटांवरचा हा कलहंस संपत आला होता. १९५० मध्ये त्याची एक जोडी स्लिमब्रिजला आणली. वसंतात दोघांनीही अंडी घातली! दोन्ही माद्याच. हळहळत न बसता तातडीने तार गेली आणि हवाईहून एक नर विमानाने आला. त्या तिघांपासून वंश वाढला. १९६२ मध्ये स्लिमब्रिजचे नेने माउई बेटावर परतले. हालेआकाला ज्वालामुखीच्या विवरात बालवीरांनी ते पाठीवरच्या खोक्यांतून चालत नेले.