सभ्य चोर
प्रतिष्ठित समाजात वावरून गुप्तपणे चोरी करणारा कथानायक. ‘मृच्छकटिका’तील शर्विलक हा त्याचा भारतीय पूर्वज म्हणता येईल, मात्र तो चोरी करतो, ती दासी मदनिकेच्या मुक्ततेसाठी. हॉर्नंगचा रॅफल्स (१८९९) व लब्लांचा आर्सेन ल्यूपँ (१९०५) यांनी चोरीला चातुर्याचा खेळ बनविले. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–९६) ‘झुंजार’च्या रूपाने कायद्याबाहेरचा साहसी नायक लोकप्रिय केला. अशा नायकांचा गुन्हा वाचकास क्षम्य वाटतो, तो बव्हंशी त्यांच्या सभ्यतेमुळे. याउलट नंदुरबार ते निमाड या सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्लांनी तंट्या भिल्लास (फाशी १८८९) नायक मानले, ते लोकश्रुतीनुसार सावकारांना लुटून त्याने गरिबांना साहाय्य केल्यामुळे. चोरीमागील हे दारिद्र्य सभ्य चोराच्या कथांत सहसा दिसत नाही. त्यांचे रंजनमूल्य मान्य करूनही ही त्यांची मर्यादा होय.