क्षणटिपणे आणि कोवलमचा किनारा

रोजच्या जगण्यातला एखादा क्षण टिपावा, वाचता वाचता हाती लागलेली एखादी गमतीची माहिती उचलावी आणि ती चार माणसांपुढे ठेवावी, ही हौस आजची नव्हे. आज ती मोबाईलवर भागविली जाते, एवढेच. चेन्नईस बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या मंडळींत रविवारी संध्याकाळी जे फोटो आणि ज्या ओळी फिरतात, त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखकाला मात्र तसे पाहावेसे वाटते. ज्याचा दिवस इंग्रजी टिपणे आणि परिपत्रके लिहिण्यात जातो, त्याने आपखुशीने लिहिलेले मराठी बहुधा एवढेच असते. तेही पोकळ झाले, तर त्याच्यापुरती मराठी ही घरात बोलण्याची भाषा उरेल. लिहिण्याची उरणार नाही.

या लेखनाचे कूळ आपल्या ओळखीचे आहे. ना. सी. फडके यांनी १९२६-२७च्या सुमारास 'रत्नाकर' मासिकातून जे छोटे निबंध लिहावयास आरंभ केला, ते पुढे १९३३ साली 'गुजगोष्टी' या नावाने पुस्तकरूप झाले. ते नावच बोलके आहे. गूज हे चव्हाट्यावर सांगावयाचे नसते. ते एकाच्या कानाशी सांगावयाचे असते. मासिकाचे वाचक हजारो असले, तरी लेखकाने समोर एकच स्नेही बसला आहे असे मानावयाचे, हा या प्रकाराचा मूळ संकेत होता. त्यापाठोपाठ अनंत काणेकरांची 'पिकली पाने' (१९३४) आणि वि. स. खांडेकरांच्या 'वायुलहरी' (१९३६) ही पुस्तके आली. खांडेकर तेव्हा शिरोड्यास शाळेत शिक्षक होते. म्हणजे तेही एका किनाऱ्यावरच्या गावी राहून लिहीत होते.

हा प्रकार पुढे का कोमेजला? माझे मत असे की, तो विषयाच्या क्षुल्लकपणामुळे कोमेजला नाही. विषय क्षुल्लक असणे हीच तर त्याची शोभा होती. तो कोमेजला साच्यामुळे. एक लहानसा प्रसंग, त्यावर चार हलकी वाक्ये, थोडे चिंतन आणि अखेरीस एक चटकदार कलाटणी, हा क्रम इतका ठरून गेला की वाचकाला शेवट आधीच दिसू लागला. 'मी' मात्र दर ओळीला पुढे येत राहिला. ज्या दोन लेखिकांनी ललित निबंधाला त्यातून बाहेर काढले, त्या दोघीही अभ्यासक होत्या, हा योगायोग नव्हे. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'त (१९४९) पंढरीच्या वारीवरचा 'वाटचाल' हा लेख आहे. त्यात त्यांचे चालणे आहे, थकणे आहे, आणि माणसांना एकत्र आणणारे व त्यांनाच वेगळे बसविणारे समाजशास्त्रही आहे. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' (१९५६) मध्ये बारा महिने एकामागून एक पाहिले. पाहणारी व्यक्ती तेथे आहेच. पण तिचे डोळे झाडावर, पाखरावर आणि ढगावर आहेत, स्वतःवर नाहीत.

आता या कसोटीवर कोवलम घेऊ. (केरळातील दीपगृहाचे कोवलम ते हे नव्हे, ही सूचना अस्थानी वाटेल, पण तिचे कारण पुढे येईल.) चेन्नईहून पूर्व किनारा मार्गाने मामल्लपुरमकडे जाताना, शहरापासून चाळीसएक किलोमीटरवर हे कोळ्यांचे गाव लागते. इंग्रजी कागदपत्रांत ते 'कोव्हलाँग' होते. येथून येणाऱ्या टिपणांत काय असते? लाट असते, तळलेला मासा असतो, समुद्राकडे पाठ केलेले कुटुंब असते आणि खाली 'निवांत क्षण' अशी ओळ असते. ती ओळ खोटी नाही. परंतु ती अलिबागलाही चालेल आणि दिवेआगरलाही. ज्या ओळीचे गाव बदलले तरी तिला काही होत नाही, ती लिहून लेखकाने आपला क्षण सांगितला असे कसे म्हणावे?

सापडलेल्या माहितीची कथा थोडी निराळी आहे. ती वाटण्याची आवड आपल्याकडे जुनी. नाशिकचे 'अमृत' मासिक कित्येक घरांत याच एका आवडीपोटी येत असे. पण तेथे संपादक होता. आज उचलणारा आणि वाटणारा एकच, आणि मध्ये कोणी नाही. त्यामुळे चेन्नईजवळच्या कोवलमच्या नावाखाली केरळचे दीपगृह आणि समुद्रात बुडणारा सूर्य खुशाल फिरतो. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो, हे चित्र पुढे पाठविणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही! वस्तुतः या गावाजवळ सांगण्यासारखे थोडके नाही. आजच्या बेल्जियममधील ऑस्टेंड बंदराच्या नावाने निघालेल्या कंपनीची वखार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे होती. येथला किल्ला १७५२ साली क्लाइव्हने फ्रेंचांकडून घेतला. त्या जागी आज हॉटेल आहे. इंग्रजीने 'कॅटामरान' हा शब्द ज्यावरून घेतला, तो तमिळ 'कट्टुमरम्' म्हणजे बांधलेले लाकूड, ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. २००४च्या त्सुनामीचा तडाखा या गावाला बसला होता. पुढे २०१२च्या सुमारास इथल्याच कोळी तरुणांनी फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याची शाळा काढली, आणि ज्या पाण्याने घरे नेली त्याच पाण्यावर परगावच्या मुलांना उभे राहावयास शिकविले. यातील एकही गोष्ट दोन ओळींत मावणार नाही असे नाही.

येथे 'फॉलोअर' या शब्दाकडे वळावे लागते. मराठीत त्याचे सरळ भाषांतर अनुयायी. आणि अनुयायी हा गुरूला असतो, संप्रदायाला असतो. कोवलमला मासा खाल्ला, हे कळविण्यास अनुयायी कशाला हवेत? तेथे स्नेही हवा. मोजता येणारा जमाव समोर आला की आवाज आपोआप चढतो; नेहमीचा क्षण 'अविस्मरणीय' होतो, साधी संध्याकाळ 'स्वर्गीय' होते. विशेषणे फुगतात आणि नामे नाहीशी होतात. कोणता मासा, कोणती होडी, वारा कोणत्या दिशेचा, हे वाचणाऱ्याला अखेरपर्यंत कळत नाही. उलट नागपूरच्या भावाला किंवा कोल्हापूरच्या आईला कळवावयाचे असले, की हाच गृहस्थ माशाचे नाव विचारून घेतो, भाव लिहितो, आणि तमिळ कोळिणीशी खुणांनी घासाघीस कशी झाली तेही लिहितो. ते पत्र वाङ्मय होण्याच्या अधिक जवळ असते.

बदलीवरच्या माणसाला यात एक सोय आहे, आणि ती गावी राहणाऱ्याला नाही. त्याचे ऋतू उलटे झालेले असतात. आपल्या मनातला पाऊस आषाढ-श्रावणाचा. इथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तमिळ ऐप्पसी महिन्यात दिवाळी येते आणि आकाशकंदील पावसात भिजतो. ज्येष्ठात घरून पेरणीच्या बातम्या येतात, तेव्हा इथली वाळू पायाला भाजत असते. पुढे मार्गळीत पहाटेच उंबरठ्यापुढे कोलम उमटतात. 'ऋतुचक्रा'ची नक्कल नको. पण कोरोमंडलच्या बारा महिन्यांचे मराठी टिपण अद्याप माझ्या वाचनात नाही, आणि ते लिहिण्यास पुणे-मुंबईहून कोणी येणार नाही. कोकणात वाढलेल्या माणसाने कोवलमला एक संध्याकाळ नीट पाहिली तरी आरंभास पुरे. सूर्य पाठीमागे जमिनीकडे उतरतो, समोरचे पाणी आधी काळवंडते, आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावल्या लांब होत होत समुद्राकडे जातात.