राजधानीतील कलासंस्था : दृश्य आणि श्राव्य यांची फारकत

प्रास्ताविक

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात राजा वज्र आणि मार्कंडेय ऋषी यांचा संवाद आहे. वज्राला प्रतिमालक्षण जाणून घ्यावयाचे आहे. मार्कंडेय त्यास सांगतात की, चित्रसूत्र जाणल्याविना प्रतिमालक्षण कळणार नाही. चित्रसूत्रासाठी नृत्तशास्त्र, नृत्तासाठी आतोद्य म्हणजे वाद्यसंगीत आणि वाद्यासाठी गीत जाणले पाहिजे. मूर्तीकडे जाणारी वाट गाण्यापासून सुरू होते, असा याचा आशय. कलाविषयक अध्यापनात हा संवाद आपण नेहमी सांगतो. नवी दिल्लीतील संग्रहालये, कलादालने व सभागृहे पाहताना मात्र, स्वातंत्र्योत्तर काळात आपण नेमकी याच्या उलट रचना उभी केली आहे, हे लक्षात येते. प्रस्तुत लेखात या रचनेची थोडी चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे.

राष्ट्रीय संग्रहालय आणि मूक रागमाला

राष्ट्रीय संग्रहालयाचा आरंभ १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रपती भवनात झाला आणि जनपथावरील इमारत १९६० मध्ये खुली झाली. या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेली कांस्यमूर्ती. तिची उंची अवघी १०.५ सेंटिमीटर आहे. तिला 'नर्तकी' म्हणण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः ती कंबरेवर हात ठेवून उभी आहे. ती नाचत होती की नाचून थांबली होती, किंबहुना ती नर्तकी होती की नाही, हे सांगण्यास पुरावा नाही. तिच्या काळचा ताल आपणांस अज्ञात आहे आणि तो कोणत्याही संग्रहालयास परत आणता येणार नाही. येथील मौन अपरिहार्य आहे, ते स्वीकारलेच पाहिजे.

रागमालाचित्रांचे मात्र तसे नाही. याच संग्रहात इ. स. १५९०-९५ च्या सुमाराचे 'रागिनी पटहंसिका' हे चित्र आहे. ते अहमदनगरचे मानले जाते. काही अभ्यासक ते विजापूरकडे नेतात. ही हिंडोल रागाची रागिनी. चित्रात तीन स्त्रिया आहेत. दोघींच्या हातांत वीणेसारखी वाद्ये आहेत, तर मधली स्त्री त्या नादाने डुलते आहे. खाली डाव्या कोपऱ्यात एक हत्ती सोंड उंचावून जणू दाद देत आहे. म्हणजे चित्रकाराने वाजविणे तर रंगविलेच, पण ऐकणेही रंगविले. ऐकणारी स्त्री चित्राच्या मध्यभागी आहे, हे विशेष. निजामशाहीतील ही कला आपल्या भूमीतील असूनही मराठी कलासमीक्षेने तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे खेदाने नमूद करावेसे वाटते.

अशा चित्राचे वर्णन संग्रहालयशास्त्र कसे करते? शीर्षक, शैली, काळ, माध्यम, माप. ही पाच पदे आवश्यक आहेत, पण चित्राच्या नावातच जो राग आहे तो या पाचांत कोठेही बसत नाही. माझ्या वर्गात या चित्राची प्रतिमा दाखविली असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हिंडोल म्हणजे कसा?" मी चित्राची शैली, स्थापत्य आणि वस्त्रालंकार यांवर पाऊण तास बोललो होतो. हिंडोलाचे आरोह-अवरोह मला ऐकविता आले नाहीत. त्यामुळे या लेखातील टीका प्रथम अध्यापकावर, म्हणजे माझ्यावर येते, संस्थांवर त्यानंतर.

सरोदवादक शरण राणी बाकलीवाल यांनी आयुष्यभर जमविलेली वाद्ये राष्ट्रीय संग्रहालयास दिली. त्यांच्या नावाचे वाद्यदालन ही या संग्रहातील फार मोलाची गोष्ट होय. जुन्या वाद्यांवर हात लावू नये, हा नियम योग्यच आहे. शतकभर जुने चामडे वा तुंबा वादनाचा ताण सोसणार नाही. तथापि, वाद्य वाजविणे आणि वाद्याचा नाद ऐकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जतनाचा नियम पहिल्या गोष्टीस आड येतो, दुसरीस नाही.

जयपूर हाउस ते मंडी हाउस

आधुनिक कलेबाबत हा आक्षेप तितकासा लागू होत नाही. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ मध्ये जयपूर हाउसमध्ये सुरू झाले. अमृता शेरगिल यांची शंभराहून अधिक चित्रे त्याच्या संग्रहात आहेत. अजिंठा पाहिल्यानंतर त्यांनी १९३७ मध्ये रंगविलेले 'ब्रह्मचारी' पाहताना शांततेत काही उणे वाटत नाही. ते चित्रच अबोल आहे. संग्रहालयातील शांतता तेथे चित्राला साहाय्यभूत ठरते.

खरी अडचण मंडी हाउसच्या चौकात लक्षात येते. संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये, तर साहित्य अकादमी व ललित कला अकादमी १९५४ मध्ये स्थापन झाल्या. हबीब रहमान यांनी आरेखित केलेल्या रवींद्र भवनात तिन्ही एकत्र नांदतात. छप्पर एक, पण चित्र एका अकादमीकडे, राग दुसरीकडे आणि रागाची बंदिश काव्य मानली तर ती तिसरीकडे! संगीत नाटक अकादमीकडे ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे. रागमाला आणि वाद्ये राष्ट्रीय संग्रहालयाकडे. दोहोंत फार तर दोन-तीन किलोमीटर अंतर असेल. प्रशासकीय अंतर मात्र पुष्कळ आहे.

याच परिसरात १९७१ पासून कमानी सभागृह आहे. दिल्लीचे गंधर्व महाविद्यालय (स्थापना १९३९) तेथे विष्णू दिगंबर जयंती समारोह भरवीत आले आहे. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेल्या पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत दरबाराबाहेर, तिकीट काढून येणाऱ्या सामान्य श्रोत्यापर्यंत नेले. तिकीट काढून खुर्चीवर बसलेला हा श्रोता आज आपणांस इतका स्वाभाविक वाटतो की, तो घडवावा लागला होता याचा विसर पडतो. प्रेक्षक आणि श्रोता ही एकच व्यक्ती व्हावी, यासाठी असा प्रयत्न अद्याप कोणी केलेला दिसत नाही.

नॉर्थ ब्लॉक व साउथ ब्लॉक या इमारतींत नवे राष्ट्रीय संग्रहालय साकारण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. त्या वेळी सुमारे ९५० दालनांचा उल्लेख करण्यात आला. दालनांची संख्या वाढली की वर्गीकरणही वाढते, असा अनुभव आहे. पटहंसिका लघुचित्रांच्या दालनात आणि वीणा वाद्यांच्या दालनात, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर, अशी मांडणी झाली तर चित्रातील त्या तिघींची पुन्हा ताटातूट होईल. ही मांडणी ठरविताना संगीताच्या अभ्यासकांना स्थान मिळावे, ही मागणी विद्यापीठांच्या कला व संगीत विभागांनी एकत्रितपणे करावयास हवी.

तोवर आपल्या हाती शैक्षणिक सहल आहे. महाविद्यालयांच्या दिल्ली सहलीत संग्रहालय बहुधा सकाळी उरकले जाते आणि संध्याकाळ खरेदीला दिली जाते. आमच्या विभागाने पुढील सहलीचा आराखडा ऑगस्टमधील समारोहाच्या तारखा धरून केला आहे. सकाळी रागमाला, सायंकाळी मैफल. निवासस्थानाचे दार रात्री साडेनऊला बंद होते आणि मैफल त्याआधी संपत नाही. त्यावर अजून तोडगा निघालेला नाही.