भर उन्हातला काळोख

अलीकडे कुठलीही गुन्हेकथा निळ्या-जांभळ्या दिव्यांत चित्रित करावी, रस्ते ओले ठेवावेत, नायकाच्या तोंडी सिगारेट द्यावी, की तिच्यावर ‘निओ-न्वार’चा, म्हणजे जुन्या काळोख्या गुन्हेपटांच्या नव्या अवताराचा, शिक्का बसतो. परीक्षणांत प्रकाशयोजनेचं कौतुक होतं. गुन्हा कुणाच्या फायद्यासाठी घडला, हे कुणी विचारत नाही. हे आता सहन होत नाही.

पोलान्स्कीचा ‘चायनाटाउन’ (१९७४) आठवा. त्यातला बराचसा काळोख भर उन्हात आहे. दुष्काळी लॉस एंजेलिसमध्ये रात्री पाणी सोडून दिलं जातं, खोऱ्यातल्या जमिनी मातीमोल होतात आणि वृद्धाश्रमातल्या माणसांच्या नावावर विकत घेतल्या जातात. यामागच्या धनाढ्य नोआ क्रॉसची मालकी पाण्यावर आहे, तशीच पोटच्या मुलीवरही. खासगी गुप्तहेर गिटिसला सगळं उमगतं, पण वाचवता कुणालाच येत नाही. पन्नास वर्षांनंतरही हा चित्रपट अंगावर येतो तो या हिशेबामुळे. ‘बॉडी हीट’ देखणा आहे, पण ‘डबल इन्डेम्निटी’ या जुन्या न्वारपटाच्या सावलीतून बाहेर येत नाही. ‘सिन सिटी’ ही नुसती सजावट.

आपल्याकडे हा वारसा नेमका ओळखला नवदीप सिंगने. ‘मनोरमा सिक्स फीट अंडर’ (२००७) ‘चायनाटाउन’चं ऋण उघडपणे मान्य करतो, पण त्याची माती राजस्थानची आहे. तिथला शोधक लाच घेऊन निलंबित झालेला ज्युनिअर इंजिनिअर आहे. पाटबंधारे मंत्र्याच्या मागावर निघालेल्या या माणसाचे स्वतःचे हातही ओले आहेत. म्हणून त्याचं धाडस खरं वाटतं आणि त्याची भीतीही.

त्याच वर्षी श्रीराम राघवनने ‘जॉनी गद्दार’मध्ये खुनी सुरुवातीलाच दाखवून टाकला. कोण, हा प्रश्न मिटल्यावर उरतं ते एका खुनाने दुसरा खून करायला भाग पाडणं. त्याच्याच ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) हे चक्र पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये सुरू होतं: आंधळा म्हणून आलेला वादक पियानो वाजवतो आहे आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्रेत हलवलं जातं आहे. दिवे लख्ख आहेत. पुढे रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकजण माणसाच्या अवयवांचा भाव करतो आणि वादकही धुतल्या तांदळासारखा राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. व्यवहार न दाखवणारा निओ-न्वार हा निओ-न्वार नाही. एका विकृत माणसाला पकडून कथा संपवणारे दिग्दर्शक प्रेक्षकाला निर्दोष ठरवून घरी पाठवतात. या प्रकाराचं काम नेमकं उलटं आहे. मराठी चित्रपटाला तर सबबच नाही. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात वळलं, पुनर्विकासात कुणाचं घर गेलं, हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. एवढी सामग्री दारात असताना परदेशी मालिकांचे रंग उसने आणणं हा आळस आहे, आणि त्याला शैली म्हणणाऱ्या समीक्षकांचा त्यात वाटा आहे. कॅमेऱ्याची भिंगं नंतर निवडा. ज्याला सातबारा वाचता येत नाही, त्याने निओ-न्वार लिहायला घेऊ नये.